मिरचीच्या शेतातली बिजागरी

बुलढाणा जिल्ह्यात मी कशाला गेले होते हे सांगितलं की पुण्यातले लोक हसतात. मी गेले होते फोन उघडायला. आमची कंपनी घडी होणारे मोबाईल बनवते. म्हणजे अजून बनवायचे आहेत, पण बाहेर सांगताना आम्ही 'बनवतो' असंच सांगतो. त्या फोनच्या मधोमध जी बिजागरी असते ती माझी. पडदा, कॅमेरा, बॅटरी हे सगळं दुसऱ्यांचं. गेली दोन वर्षं मी एकाच प्रश्नाला चिकटून आहे: बंद केलेला फोन एका हाताने, नुसत्या अंगठ्याने, सहज कसा उघडेल?

प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही. बिजागरी सैल ठेवली की फोन अंगठ्याने पटकन उघडतो, पण मग मध्ये कुठेच थांबत नाही, थेट आडवा होतो. ताठ केली की अर्धा उघडून कुठेही उभा राहतो, पण उघडायला दुसऱ्या हाताची मदत लागते. साहेबांचं मत ठरलेलं होतं. जाहिरातीत 'एका हाताने' हे शब्द मोठ्या अक्षरात येणार, तेव्हा सैलच करा. फोन अर्धा उघडून मांडून कोण बसतंय? सोमवारी साचा कापायला जायचा होता. त्याआधी दोन्ही नमुने चार दिवस 'खऱ्या माणसांच्या' हातात देऊन यायचं, एवढंच माझं काम.

खरी माणसं विलासने सुचवली. विलास आमच्या वर्कशॉपमध्ये बिजागरीचे सुटे भाग कापतो, मूळचा मेहकरकडचा. तो म्हणाला, माझ्या मामाकडे जा. डोणगावला त्यांची मिरची आहे, मामीचा एक हात दिवसभर मिरचीत असतो. आणि मामाची प्रज्ञा शेगावला एका लॉजवर कामाला आहे, तिचं तर सगळं हातावरच चालतं. एवढंच बोलला. यापुढचं सांगण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलंच नसावं.

शेगाव

सकाळी स्टेशनवर उतरले आणि आधी कचोरी खाल्ली. आमच्याकडे कचोरीबरोबर चिंचेची चटणी, शेव, कांदा असा सगळा थाट करतात. इथे कागदावर गरम कचोरी आणि तळलेली हिरवी मिरची, बस. दोन खाल्ल्या, तिसरी पिशवीत बांधून घेतली.

लॉज देवळाच्या रस्त्यावर होता. वरच्या मजल्यावर चादरींचे ढीग होते आणि त्यामागे एक मुलगी पाठमोरी इस्त्री करत होती. मी दारातून हाक मारली. पुन्हा जरा मोठ्याने मारली. खालचे मॅनेजर जिन्यातूनच म्हणाले, "हाक नका मारू मॅडम, पुढं जाऊन हात हालवा. तिले ऐकू येत नाई." मला विलासचा असा राग आला की तिथल्या तिथे त्याला फोन लावणार होते. पण तोवर प्रज्ञा वळली होती आणि माझ्याकडे बघून हसत होती.

वय तेवीसच्या आसपास. निवासी शाळेत दहावीपर्यंत शिकलेली, अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. एका वहीवर आमचं बोलणं सुरू झालं. मी पिशवीतून नमुने काढले. इथे मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. फोन पूर्ण उघडताना 'टक' असा एक बारीक, गोड आवाज येतो. त्या आवाजावर मी आठ महिने घालवले आहेत, आणि भेटेल त्याला मी तो ऐकवते. तर मी फोन उघडला आणि तिच्या कानाजवळ नेला. खरंच नेला.

माझ्या लक्षात आलं तेव्हा कानशिलं तापली. प्रज्ञाने मात्र फोन माझ्या हातातून घेतला, हनुवटीखालच्या हाडाला टेकवला आणि अंगठ्याने उघडला. मग वहीत लिहिलं, 'हाडाला कळतं. छान आहे.' आजवर त्या आवाजाचं इतकं चांगलं कौतुक कुणी केलं नव्हतं.

दुपारी एक ते दोन तिची सुट्टी. त्या वेळात ती गच्चीवर जाऊन आईला व्हिडिओ कॉल लावते. मलाही तिने वर नेलं. तिचा साधा मोबाईल डाव्या हातात, आणि उजव्या हाताने बोलणं. पलीकडे तिची आई, तिचंही तसंच. लेकीने पोटाशी हात नेऊन विचारलं, आईने मान हलवली. आईने विचारलं, लेकीने अंगठा उचलला. दोन मिनिटांत संपलं. मग ती वही घेऊन खाली बसली आणि बराच वेळ लिहीत राहिली.

तिने लिहिलेलं थोडक्यात सांगते. मायलेकींची हातांची भाषा त्या दोघींनीच तिच्या लहानपणापासून घडवलेली. आईला लिहितावाचता येत नाही, म्हणून मेसेज केला तर तो वडिलांना कळतो, आईला नाही. आणि त्यांच्या भाषेतले निम्मे शब्द दोन हातांचे आहेत. घर दोन हातांचं, भाकर दोन हातांची, भांडण तर दोन हातांचंच. एक हात फोनमध्ये अडकला की उरतं काय, तर जेवलीस का, बरी आहे, झोप. घरी प्लास्टिकचं स्टँड आहे, पण संध्याकाळी लॉजवर गर्दीची वेळ, आणि दुपारी आई शेतात. शेताच्या बांधाला फोन टेकवला की घसरतो आणि लेकीला आईऐवजी आभाळ दिसतं.

ती लॉजवर आल्यापासून तीन महिने असं चाललं होतं. 'बरी आहे' या एका हाताच्या शब्दावर आईचा विश्वास उरला नव्हता. तिचं दुपारचं जेवण सुटलं होतं. ते बघून वडिलांनी ठरवलं की पौर्णिमेला शेगावला यायचं आणि पोरीला घरी घेऊन जायचं. पौर्णिमा आठ दिवसांवर होती. शेवटची ओळ तिने दोनदा गिरवली होती: 'मला इथं राहायचं आहे.'

मी तिला दोन्ही नमुने दिले. दिवसभर इस्त्री दाबणारा हात तो. ताठ बिजागरीचा फोनसुद्धा तिने एका अंगठ्याने उघडला आणि गच्चीच्या कठड्यावर मांडला. तो उभा राहिला. तिने हात सोडले आणि मग दोन्ही हातांनी बोलायला लागली. समोर पडद्यावर कुणी नव्हतं, कॉल लावलाच नव्हता. ती नुसती बोलून बघत होती. मी दुसरीकडे बघितलं, कारण मला रडू येत होतं आणि मला चारचौघांत रडायला आवडत नाही.

ताठ फोनमध्ये तिचं सिम घालून तो तिच्याकडे ठेवला. सैल फोन घेऊन मी निघाले.

घाटावर

या जिल्ह्यात माणसं पत्ता सांगताना आधी घाटावर की घाटाखाली ते सांगतात. शेगाव घाटाखाली, डोणगाव घाटावर. खामगावला एसटी बदलून मेहकर, तिथून डोणगाव. खाली सपाट काळी रानं, मग वळणं चढत गाडी वर येते आणि हवा एकदम कोरडी, गार होते. तुरी शेंगांवर होत्या, हरभरा घोट्याएवढा. शेजारच्या बाईंनी माझी चौकशी मेहकर येईपर्यंत पुरवली; फोन उघडायला चालले आहे म्हटल्यावर त्यांनी स्वतःचा फोन पुढे केला आणि त्यांच्या भावाचा नंबर लावून द्यायला सांगितला.

स्टँडवर विलासचे सुखदेवमामा उभे होते. उंच, हडकुळे, बोलण्याआधी घसा साफ करणारे. घरी पोचल्यावर मला कुणी 'चहा घेणार का' असं विचारलं नाही. आमच्याकडे हा प्रश्न अशा सुरात विचारतात की माणूस 'नको, आत्ताच झाला' म्हणून मोकळा होतो. इथे चहा आला, तो पिऊन होईतो ताट आलं. ज्वारीची भाकर, तुरीच्या ओल्या दाण्यांची भाजी, ठेचा. मी दुसरी भाकर नको म्हटलं ते रत्नामामींनी ऐकून घेतलं आणि तिसरी वाढली.

रत्नामामी, म्हणजे प्रज्ञाची आई, बुटक्या, चपळ, अंगणभर फिरणाऱ्या. त्यांनी माझं नाव विचारलं आणि लगेच प्रज्ञाला कॉल लावला. लॉजवरच्या गर्दीतून प्रज्ञा मिनिटभरच आली, तेवढ्यात दोघींच्या खाणाखुणा झाल्या, हसणं झालं. मामांनी मला सांगितलं की तुमचं नाव ठेवून झालं. अंगठा वर उडवायचा, म्हणजे मी. त्या घरात मी असेपर्यंत मला सगळे तसंच बोलवत होते, शेजारची म्हातारी आजीसुद्धा.

मिरची

दुसऱ्या दिवशी मामींबरोबर शेतात गेले. मिरची तोडणाऱ्या बाईचा उजवा हात मिरचीचा असतो आणि डावा हात घरचा. डोळा पुसायचा डाव्याने, पाणी प्यायचं डाव्याने, फोन घ्यायचा डाव्याने. हे मला कुणी सांगितलं नाही, कारण इथे ते कुणाला सांगावं लागत नाही. मी तासभर उत्साहाने दोन्ही हातांनी मिरची तोडली आणि मग केस मागे सारताना बोट डोळ्याला लागलं. पुढचं वर्णन करत नाही. मामींनी मला बांधावर बसवलं, पदराचं कोरडं टोक तोंडाजवळ धरून त्यावर ऊन ऊन श्वास सोडला आणि तो पदर माझ्या डोळ्यावर धरला. पुन्हा पुन्हा, न कंटाळता. लहानपणानंतर हे मला कुणी केलं नव्हतं.

डोळा उघडल्यावर मी सैल फोनमध्ये त्यांचं सिम घालून तो त्यांच्या डाव्या हातात दिला. त्यांनी अंगठ्याने उडवला आणि तो पहिल्या झटक्यात उघडला. मिटला, पुन्हा उघडला. घडी असल्यामुळे पडद्याला माती नाही, मिरचीचं बोट नाही, मिटला की पोलक्याच्या आतल्या खिशात बसतो. मी खूश. साहेब म्हणतात तेच खरं, असं मनात म्हणून घेतलं.

एक वाजता प्रज्ञाचा कॉल आला. मामींनी फोन बांधावरच्या दगडावर मांडला आणि हात उचलले, तोच फोन आडवा पडला. उचलून पुन्हा मांडला, पुन्हा पडला. मी ढेकळं लावली. वारा आला की वरचा अर्धा भाग मागे जायचा. चौथ्यांदा मामींनी तो डाव्या हातात धरला, उजव्या हाताने पोटाशी खूण केली, जेवलीस का. पडद्यातून प्रज्ञा दोन्ही हातांनी काहीतरी सांगत होती. मामींना सगळं समजत होतं, पण उत्तर एकाच हाताने देता येत होतं. कॉल संपल्यावर त्यांनी डबा न सोडताच पुन्हा तोडायला सुरुवात केली.

पुण्यात मी आईला फोन लावते तेव्हा भांडी घासत असते. फोन खांद्यात, हात कामात. आपलं बोलणं तोंडाचं, म्हणून हात मोकळे असतात हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. साहेबांनी विचारलं होतं, मांडून कोण बसतंय? माझ्याकडेही तेव्हा उत्तर नव्हतं आणि मी ते शोधलंही नव्हतं. मला स्वतःची चीड आली.

संध्याकाळी मी ओसरीवर बारके स्क्रू-ड्रायव्हर मांडून बसले. बिजागरी आवळली की फोन उभा राहायचा, पण मामींच्या डाव्या अंगठ्याला उघडायचा नाही. सैल केली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. सुखदेवमामा शेजारी बसून तासभर बघत होते. शेवटी घसा साफ करून त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बोट केलं. त्या दाराखालची जमीन आतल्या बाजूला किंचित चढलेली आहे. मामी दोन्ही हातांत घमेलं धरून नुसत्या कमरेने दार ढकलतात. अर्ध्यापर्यंत ते सहज जातं, मग खाली घासून जिथल्या तिथे थांबतं.

"असं नाई का करता येत?" मामा म्हणाले. "आधी ढिल्लं, मंग घासून थांबलं पाहिजे."

करता येतं. पुस्तकात आहे, मी शिकलेही आहे, आणि दीड वर्षापूर्वी साहेबांसमोर मांडून, एक भाग वाढतो म्हणून नाकारूनही घेतलं आहे. पण आता इथे तो भाग कापायला विलास कुठून आणू? मामा उठले आणि जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी घेऊन आले. ठिबकची नळी गळाली की ते हीच पट्टी गुंडाळतात. तिचा नखाएवढा तुकडा कापून आम्ही बिजागरीच्या कडेला चिकटवला, असा की फोन अर्धा उघडेपर्यंत तो कुठे लागू नये आणि त्यापुढे घासावा. तीन तुकडे वाया गेले. चौथा बसला. मामींना हाक मारली. त्यांनी कणकेचा उजवा हात मागे धरून डाव्या अंगठ्याने फोन उडवला. तो अर्धा उघडला आणि थांबला. मी तो पिठाच्या डब्यावर ठेवला, तसाच उभा राहिला.

शनिवार

दुसऱ्या दिवशी एकला दहा मिनिटं असतानाच आम्ही तिघं बांधावर जाऊन बसलो. कॉल आला. मामींनी खिशातून फोन काढून डाव्या हाताने उघडला, दगडावर मांडला आणि त्या दोन पावलं मागे सरकल्या. वारा होता, फोन हलला नाही.

मामा मला हळू आवाजात सांगत होते. जेवली का, हाव जेवली. वांगे होते. लॉजवरच्या बाया तिच्यापासून हातानं बोलणं शिकून राह्यल्या. एक बाई लयच चुका करते. मामी हसत होत्या. गालाला हात लावायचा शब्द आला की त्यांचा मिरचीचा हात गालापासून बोटभर अंतरावर थांबायचा, तसाच परत यायचा. त्यांचे दोन्ही हात इतक्या वेगाने चालले होते की तीन महिन्यांची कोंडलेली बोलण्याची भूक मला दिसत होती.

मग ते हात थांबले. मामींनी दोन्ही तळवे छातीवर ठेवले, पोलक्याला मिरची लागली तरी ठेवले, आणि लेकीकडे बघत सावकाश पुढे केले.

मी मामांना विचारलं, काय म्हणाल्या.

"तुले तिथं खरंच करमते का, असं इचारलं."

पलीकडून उत्तर सुरू झालं. ते लांबलं. मामी मधूनच काही म्हणत, पुन्हा बघत राहत. मी मामांकडे बघितलं. त्यांनी घसा साफ केला.

"आता मले समजून नाई राह्यलं," ते म्हणाले. "ते त्या दोघीचं हाय." आणि उठून ते ठिबकच्या नळ्या बघायला निघून गेले. मीही त्यांच्यामागे गेले. नळ्या सगळ्या ठीक होत्या, तरी आम्ही एकेक बघितली.

प्रज्ञाची सुट्टी संपेपर्यंत कॉल चालला. आम्ही परत आलो तेव्हा मामी फोन मिटून मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मग त्यांनी डबा सोडला. भाकरीचा तुकडा डाव्या हाताने मोडून त्या जेवायला लागल्या आणि मामा त्यांच्याकडे बघत उभे राहिले. अर्धी भाकर झाल्यावर त्या माझ्याशी बोलल्या.

"म्या तिले इचारलं, तुले करमते का. ते म्हने, हाव. मंग तिनं मलेच इचारलं. आई, तुले करमते का." पाणी प्यायल्या. "मले असं आजवर कोनी इचारलंच नव्हतं, पोरी."

मी विचारलं, मग तुम्ही काय सांगितलंत?

"खरं सांगतलं. नाई करमत म्हनलं. लय सांगतलं, समदं." त्यांनी डोळे पुसले, डाव्या हाताने. मग मामांकडे वळल्या. "पौर्णिमेले जाऊ नका. राहू द्या तिले तिथं."

मामांनी मान हलवली आणि भाकरीचा उरलेला तुकडा त्यांच्याकडून मागून घेतला.

परत

संध्याकाळी साहेबांना फोन केला. साचा थांबवा म्हटलं. ते बरंच बोलले, मी सगळं ऐकून घेतलं आणि मग मीही बरंच बोलले. ओसरीवरचे सगळे माझ्याकडे बघत होते, कारण पुण्याच्या मॅडमला इतकं भांडता येतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. साचा थांबला. एक भाग वाढणार आहे.

रविवारी निघताना मामींनी फोन पदराने पुसून माझ्यासमोर धरला. दुसऱ्याची वस्तू परत करताना माणसं धरतात तसा, दोन्ही हातांनी. कंपनीचा नियम असा की नमुने कारखान्याबाहेर राहता कामा नयेत. मी फोन त्यांच्या हातात मिटवला आणि चाचणी अजून व्हायची आहे असं सांगितलं. शेगावला गाडी पकडण्याआधी गच्चीवर जाऊन प्रज्ञालाही वहीत तेच लिहून दिलं.

याला महिना होत आला. साहेब दर सोमवारी नमुन्यांची चौकशी करतात आणि मी चाचणी चालू आहे म्हणून सांगते. परवा ते वैतागले आणि त्यांनी विचारलं, अहो, अजून किती दिवस? मी म्हटलं, मायलेकींचं बोलणं संपलं की कळवते.